हवेवरची गाडी आणि बाबांची कंबर

मुरूडला निघायच्या आदल्या दिवशी माझी गाडी मागून खाली बसली. काळी, लांबलचक, आलिशान सेडान, आणि अंगणात डबक्यातल्या म्हशीसारखी बसली होती! हिच्या चाकांवर पोलादी स्प्रिंग नाही, हवेच्या रबरी पिशव्या आहेत. हवा गेली की गाडीचा सगळा रुबाब गेला.

न्हावा शेव्याला माझा कंटेनर वाहतुकीचा धंदा आहे. चाकांवर चालणारं सगळं मला कळतं, असं मी चारचौघांत सांगते. ही गाडी मी बाबांसाठी घेतली. बाबांनी तीस वर्षं ट्रेलर चालवला, त्याच्या कडक पोलादी कमानपाट्यांच्या दणक्यांनी त्यांची कंबर खाल्ली. चार वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. मुरूडची आत्या, त्यांची एकुलती एक बहीण, गुडघ्यांमुळे उंबरठ्याबाहेर पडत नाही. चार वर्षं दोघं नुसती फोनवर. याच गाडीतून मी बाबांना दोनदा मुरूडला न्यायला निघाले आणि दोन्ही वेळा वडखळवरून परत आणलं. कंबर धरायची. मी रस्त्याला आणि ठेकेदाराला शिव्या घालायचे.

गाडी उचलून पनवेलला उस्मानभाईंच्या गॅरेजमध्ये नेली, बाबाही सोबत आले. त्यांनी डिकीतलं स्टेपनीचं झाकण उचललं. हवा भरणारा पंप तिथेच असतो. पंप गंजून लाल झाला होता.

"ताई, डिकीत काय ठेवता?"

"काही नाही," मी ठणकावून सांगितलं.

मागून बाबा हसले. "दर रविवारी करंज्याच्या बंदरावरून मावऱ्याची (मासळीची) पेटी आणतं ती. बर्फ टाकून."

बर्फाचं खारं पाणी महिनोन् महिने पंपावर झिरपत होतं. एवढी महागाची गाडी आणि डिकीत सुरमई! हे आमच्याच लोकांना सुचणार. लाजेनं माझे कान गरम झाले.

उस्मानभाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक तर पंप आणि पिशव्या सगळं नवीन घालायचं, नाहीतर हवा काढून चारी चाकांना पोलादी स्प्रिंग बसवायची. "हीच गाडी माझ्याकडे पण आहे, स्प्रिंगवाली. मुरूडला ती न्या. मग सांगा."

मी हवाच घालणार होते. बाबांच्या कमरेला पोलाद कशाला? पण आत्याला शब्द दिला होता, म्हणून उस्मानभाईंची गाडी घेऊन निघालो.

पेण मागे पडलं. स्प्रिंगवाल्या गाडीत खालची प्रत्येक भेग हातांना कळत होती. मी आरशातून सारखी बाबांकडे बघत होते. वडखळ आलं तसा मी गाडीचा वेग कमी केला. बाबा खिडकीतून बघत म्हणाले, "चल पुढं."

पोयनाडला चहाला थांबलो. टपरीशेजारी एक बाई पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बसली होती.

"गाडी भारी हाय, बाय. आत पाळण्यावानी वाटत आसल," ती म्हणाली.

"या गाडीत नाही, माझ्या गाडीत वाटतं," मी म्हटलं. आपल्या गाडीची बढाई मारल्याशिवाय मला राहवत नाही. बाबांनी चहाचा कप तोंडाला लावला. मी दोन माळा घेतल्या.

अलिबाग सोडल्यावर चौलच्या वाड्या लागल्या, सुपारीची गार सावली. एका घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं सुकं खाल्लं. बाबांनी तिसरी भाकरी मागून घेतली. प्रवासात त्यांना एवढी भूक लागलेली मी कधी बघितली नव्हती.

रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लई, मग बोर्ली. उजवीकडे समुद्र दिसायला लागला आणि मी नको तेवढी तिकडे बघत राहिले. बोर्लीच्या पुढे पट्टे न मारलेला गतिरोधक आला आणि गाडी धाडकन आपटली. मेले, म्हटलं! ब्रेक मारून मागे वळले.

"बाबा! लागलं?"

"न्हाय गं. दिसला व्हता मला. मी धरून बसलेलो. तुझंच ध्यान कुठं व्हतं?"

काशीदला सुरूच्या झाडांखाली शहाळं प्यायलो. मला राहवेना. "बाबा, खरं सांगा. माझ्या गाडीत तुमची कंबर का धरते?"

त्यांनी शहाळं खाली ठेवलं. "तुझी गाडी होडीवानी डुलतं. खड्डा आला कवा, गेला कवा, कमरेला पत्ताच लागत न्हाय. मग अंग सगळा वेळ ताठून बसतं. मी डायवर माणूस. तीस वर्सं खालचा रस्ता कमरेनंच वळखला. हिच्यात दणका लागतो, पण सांगून लागतो. मंग सोसतो."

"अहो, तेव्हा हवा गळत होती!"

"पयल्या खेपेला कुठं गळत व्हती?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"किती हौसेनं घेतलीस तू. अख्ख्या गावात सांगत फिरलीस, बाबाच्या कमरेसाठी घेतली म्हणून. कसं बोलू?"

मला खूप वाईट वाटलं. गाडी घेताना मी दहा जणांचा सल्ला घेतला होता. एकदा बाबांना मागच्या सीटवर बसवून चक्कर मारायचं काही सुचलं नव्हतं. दुसरीकडे तोंड करून मी डोळे पुसले आणि शहाळीवाल्याचे पैसे दिले.

मुरूडला आत्या ओटीवर खुर्ची टाकून बसली होती. बाबा दार उघडून स्वतः उतरले. माझा हातही धरला नाही.

"दादा, आलास रं!"

"आलो," बाबा म्हणाले आणि तिच्या पायाशी ओटीवरच बसले. आत्यानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग दोघंही रडली. मी परसात जाऊन उस्मानभाईंना फोन लावला. "स्प्रिंग टाका."

"नक्की? हवेची मजा वेगळी असते, ताई."

"मला आवडते हो ती मजा. पण मागं बाबा बसतात."

दुसऱ्या दिवशी परत निघताना बाबांनीच आत्याला सांगितलं, "पुढल्या म्हयन्यात येतो." चौलच्या पुढे त्यांना काहीतरी दाखवायला म्हणून आरशात बघितलं, तर मान एका बाजूला टाकून ते झोपले होते. चार वर्षांत मी चालवत असताना त्यांना कधी झोप लागली नव्हती. मागून एक डंपर भोंग्यावर भोंगा वाजवत होता. एरवी मी त्याला साइड दिली नसती. आज काच खाली करून, हात बाहेर काढून त्याला पुढे जा म्हटलं, आणि घर येईपर्यंत काटा चाळीसच्या वर जाऊ दिला नाही.