काय खाल्लंय जनावरानं?

गुरांच्या डॉक्टरकडं किस्से लय साठतात. पेशंट बोलत नाही आणि मालक गप्प बसत नाही! माझ्याकडं जरा जास्तच साठलेत. संध्याकाळी खोलीवर परतल्यावर सांगायचे कुणाला?

*

आटपाडीकडं एका मळ्यात म्हैस आडवी झाली होती. मी इंजेक्शन भरत होतो. मालकानं काळजीनं विचारलं, "काय खाल्लं आसंल वो?"

"सकाळी चहा आणि बटर," मी म्हणालो. इतक्या मायेनं बऱ्याच दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं!

"आवं, म्हशीनं वो!"

तिनं कापलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे खाल्ले होते. ते विषारी असतात. म्हैस उठली. मी मात्र दिवसभर खजील.

*

पाचगणीला एका रिटायर्ड साहेबांची गाय. घाणेरीचा पाला खाऊन तिचं कातडं उन्हानं सोलायला लागलं. "सावलीत बांधा," म्हटलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर गाय गॅरेजमध्ये, गाडी उन्हात, आणि साहेब गाईच्या पाठीला सनस्क्रीन चोळतायत!

"मिसेस गेल्यापासून बाटली तशीच पडून होती," म्हणाले.

*

कराडजवळ एका आबांच्या गाईनं एरंडाच्या बिया खाल्ल्या. ती सावरत होती, तेवढ्यात फौजेतल्या पोराचा व्हिडिओ कॉल आला. "आबा, गाय दाखवा!" आबांनी फोन गाईसमोर धरला. पोरगा तिच्याशी भरपूर बोलला आणि कॉल कट झाला.

आबा खूश. "आमाला बी आयकू आलं की समदं!"

*

खटावकडच्या हौसाआक्का. मालक गेले, जोडीतला एक बैल गेला, उरला एकच. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बाजारात जाणं जमलं नाही, म्हणून त्यांनी दारातल्या कण्हेरीच्या फुलापानांची माळ केली आणि दावणीवर टांगली. बैलानं ती खाल्ली! कण्हेर म्हणजे जहरच.

मी औषधं दिली. म्हणालो, "आता रवंथ सुरू झाला तर वाचला."

"ह्यो गेला तर म्या बोलायचं कुनासंगं?"

दोघंही त्याच्या जबड्याकडं बघत बसलो. मलाही भीती वाटत होती. ऊन कलल्यावर जबडा हलला. आक्का रडल्याच.

"आज त्याला पुरणपोळी द्यायची नाही हं," मी बजावलं.

त्यांनी बैलासाठी वाढलेल्या नैवेद्याच्या ताटाकडं बघितलं. मग माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि ताट माझ्यापुढं ठेवलं. मी भराभर खायला लागलो.

"घरी कोन वाट बघत आसंल न्हवं?"

"कुणी नाही, आक्का."

त्यांनी आणखी एक पोळी वाढली. "मग सावकाश जेवा."