नाल्यापल्याडचं झाड

अख्ख्या मोहाच्या दिवसात म्या दारूले हात लावला नाई, असा मरद आमच्या गावात दुसरा नसन. तसे अर्धे लोक बारा महिने हात लावत नाईत, पन त्याइच्यातल्या एकानंही त्याची बढाई मारली नाई.

मोहाचं फूल चैतात पाह्यटे गळते. अंधार निवळता निवळता टप टप आवाज येते, अन् उजेड फुटला का झाडाखाली पिवळसर, ओलं, गुबगुबीत काहीतरी पसरलेलं दिसते. वास असा गोड अन् जड का नुसत्या वासानंच मले अर्धी चढे.

अस्वलालेही तोच वास आवडते. आदल्या साली शेजारच्या टोल्यावरच्या, लहानशा वस्तीतल्या, एका बाईचं तोंड त्यानं फाडलं, तवापासून सगुना, मायी बायको, एकटी फूल वेचाले जायाले भेये. दारू सोडा मनून तिनं मले कधी मनलं नाई. येवढंच मनली, "पाह्यटे माह्यासंगं या. बोलत राहा. आवाजानं ते दूर राह्यते."

पन पेलेला मानूस पाह्यटे उठत नाई, अन् उठवलं तं तोच अस्वल होते. मनून म्या शपत घेतली: आपल्या झाडाचं फूल गळून सरेवर थेंब घेनार नाई.

पह्यले पह्यले हात असे थरथरत का टोपलीत टाकलेलं फूल बाहीर पडे. बुधा, माह्या पेन्याचा जोडीदार, रस्त्यात भेटे अन् मने, "काऊन गा, बायकोच्या मांगं मांगं? दोरी बांधली का तिनं?"

"दोरी तं बांधली," मी मनो, "चारा अजून टाकला नाई."

वाटेनं मी भेवानंच काहीबाही बडबडत राहो, अन् सगुना हासे. लग्नाले इतके साल झाले, पन तिचं पाह्यटेचं हासनं म्या तवाच पह्यल्यांदा ऐकलं. फूल दिसावं मनून झाडाखाली जाळलेल्या पालापाचोळ्याचा धूर जमिनीले धरून सरकत राहे, अन् त्या धुरात तिचे बोटं राखेतून फूल असे उचलत, जशी झोपल्या लेकराच्या कपाळावरची माशी हाकलावी.

बाकीचे लोक झाडाले हात जोडून मनत, आनखी पाड. मी वर पाहून घोस मोजत राहो, का बाबा, आता किती राह्यले. तिची टोपली भरली का तिले आनंद होये, अन् फांदी रिकामी झाली का मले.

एका पाह्यटे झाडाखाली नुसती कोरडी राख होती. वर लालसर पालवी फुटून राह्यली होती. सगुना मनली, "उद्या नाल्यापल्याडच्या झाडाकडं जाऊ. ते मांगून गळते."

मी हो मनलं, अन् संध्याकाळी बुधाच्या घरी जाऊन बसलो. शपत आपल्या झाडाची होती. नाल्यापल्याडचं झाड तिच्यात येत नव्हतं.

सकाळी तिनं मले हालवलं असन. मले आठोत नाई. ऊन डोळ्यावर आलं तवा आंगनात लोक जमले होते, अन् बाजेवर सगुना होती. उजव्या खांद्यापासून कोपरापर्यंत अस्वलानं कातडं सोलून काढलं होतं. मी वाकून पाह्यलं तं मोहाचा वास आला. तो तिच्या लुगड्याचा होता का माह्या तोंडाचा, ते मले आजही सांगता येत नाई.

बैलबंडीनं, मंग टरकनं तिले गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. डाक्टर मनला, बाई जगन, पन तो हात उचलनार नाई. वरांड्यात फिनाईलच्या वासात मी तिच्या पायाशी बसून राह्यलो. मानूस शपत घेते तवा तिले कुंपन घालते, अन् कुठी फट ठेवाची ते आंदीच ठरवून ठेवते. येवढी अक्कल मले तिथी आली, अन् अक्कल आल्याबरोबर मी पुन्ना तेच केलं. तिनं डोळे उघडले तसे तिचे पाय धरले अन् सुरू झालो, का आता एका झाडाची नाई, सगुने, अख्ख्या जंगलाची शपत, जलमभराची.

तिनं ओठावरून कोरडी जीभ फिरवली.

"शपता मंग घ्या," ती मनली. "आंदी पानी आना."