खवट दाणा

आमचे शेठ बोलताना वाक्य अर्धं सोडतात आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहतात. समोरचा घाबरून खरं ते बोलून टाकतो. वडिलांच्या नाशिक रोडच्या एका किराणा दुकानाची त्यांनी पाच दुकानं केली, तरी आलेल्या मालाचा दाणा ते अजून स्वतः चावून बघतात. मी गडचिरोलीकडचा, सातवीत शाळा सोडलेला. कागद न बघता त्यांनी मला सातपूरच्या गोदामात कामाला ठेवलं, ते मी विसरत नाही.

परवा शेंगदाण्याचा टेम्पो आला. श्रावण तोंडावर, आणि पाचही दुकानांत उपवासाचा दाणा संपलेला. शेठनी चार दाणे चावले आणि तोंड वाकडं केलं.

"उतरवून घ्या रे," त्यांचा मुलगा म्हणाला. त्याला आम्ही भैया म्हणतो. हल्ली सगळा कारभार तोच बघतो. "पप्पा, भाजल्यावर कोणाला कळतंय? फळी रिकामी दिसली की गिऱ्हाईक मॉलमध्ये जातं."

शेठनी माझ्या हातावर दाणे ठेवले. "तू सांग. हे..."

पहिलाच दाणा जिभेला कडू लागला. भैया माझ्याकडे रोखून बघत होता. उद्या मला ठेवणारा किंवा काढणारा तोच.

"खवट आहे, शेठ."

"ऐकलंस?" शेठ मुलाला म्हणाले. "टेम्पो परत."

भैया पाय आपटत निघून गेला. तो गेल्यावर शेठनी मला विचारलं, "भीती वाटली का रे?"

"खूप वाटली, शेठ."

"मलाही वाटते त्याची," ते हळूच म्हणाले. "म्हणून तर तुला विचारलं."