वरची पाच संत्री

सन दोन हजार सहाच्या सुमारास वऱ्हाडावर सरकारची माया नुसती उतू जात होती. पीक बुडालं की समिती येई, समिती गेली की पॅकेज येई, आणि पॅकेज कुठे गेलं ते बघायला पुन्हा समिती येई. अशात कुणा विद्वानाला शोध लागला, की इथला शेतकरी मागे पडला कारण इथले साहेब परदेशी जात नाहीत. लगेच दुबईला व्यापार शिष्टमंडळ निघालं. माणसं अकरा. त्यातल्या दहांना संत्रं फक्त सोलून पुढ्यात आलेलं माहीत. अकरावा अमरावतीचा इनायतुल्ला.

हा बाबा तीस वर्षं फळबाजारात संत्री निवडून पेट्या भरत होता. फळ हातात घेतलं की ते किती दिवस टिकेल हे तो सांगायचा, आणि सहसा चुकायचा नाही. शिष्टमंडळात एक ‘उत्पादक प्रतिनिधी’ लागतो हे साहेबलोकांना निघायच्या आठवडाभर आधी आठवलं. धावाधाव झाली. इनायतुल्ला उत्पादक नव्हता, पण त्याच्याकडे पासपोर्ट होता. हजच्या आशेनं काढून ठेवलेला.

निघायच्या आदल्या दिवशी नांदगाव खंडेश्वरहून गोवर्धन भेटायला आला. त्याच्या बागेतला माल त्याच्या बापाच्या वेळेपासून इनायतुल्लाच भरत आला होता.

“इनायतभाऊ, इहिरीत पाणी नाई, बजारात भाव नाई,” गोवर्धन म्हणाला. “एखांदं धड गिऱ्हाईक पाय तिकडं. नाई भेटलं तं चारशे झाडं तोडून मोकया होतो मी. आता नाई होत मायाच्यानं.”

“थांब ना बाप्पा, घाई काहून करतं?” इनायतुल्ला म्हणाला खरा, पण ती चारशे झाडं त्याच्या डोक्यात घर करून बसली.

दुबईत पहिल्या दिवशी उद्घाटन झालं. दुसऱ्या दिवशी शिष्टमंडळाचे प्रमुख भगवंतराव साहेब यांनी हॉटेलच्या दिवाणखान्यात पडद्यावर संत्र्याची रंगीत चित्रं दाखवली. शेवटी दहा हजार टनांच्या सामंजस्य करारावर सह्या झाल्या, फोटो निघाले. समोरची पार्टी पडद्यांच्या कापडाचा धंदा करते हे कळलं, तेव्हा फोटो काढून झाले होते. तिसरा दिवस बाजाराच्या अभ्यासाचा होता. तो अभ्यास सोन्याच्या बाजारात झाला आणि साहेबांच्या मंडळींनी तो फार मन लावून केला.

इनायतुल्लाला अभ्यासाचं वावडं. तो पिशवीत सहा संत्री टाकून विचारत विचारत फळबाजारात गेला. एका मलबारी व्यापाऱ्यासमोर त्यानं एक संत्रं सोललं आणि फोड पुढे केली. व्यापाऱ्यानं ती खाल्ली, मग उरलेलं संत्रं खाल्लं, मग दुसरं मागितलं. एक कंटेनर नमुन्याला पाठव, म्हणाला. माल असाच उतरला तर हंगामभर दर आठवड्याला एक. ना दिवाणखाना, ना फोटो; म्हणूनच बहुधा हा व्यवहार खरा होता.

परतल्यावर गोवर्धनच्या बागेत पेट्या भरायला सुरुवात झाली. सरकारी कागदावर लिहिलं होतं : प्रत्येक पेटीत शंभर फळं. इनायतुल्लाचा हात मात्र शंभरावर थांबणारा नव्हता. शंभर मोजायची आणि वर पाच टाकायची, ही त्याच्या बापाची रीत. वाटेत दोन डागी निघाली तरी घेणाऱ्याला कमी पडू नये. तीस वर्षांत त्यानं एकही पेटी या पाचांशिवाय बंद केली नव्हती.

कागदात फळं गुंडाळत बसलेली त्याची बायको खातूनबी म्हणाली, “अजी, कागजपे तो सौ लिखा है ना?”

“पाँच ज्यादा दिए तो कौन रोता?” इनायतुल्ला हसून म्हणाला.

रडणारे बंदरावर बसले होते. तपासणीत दहा पेट्या उघडल्या, दहाही पेट्यांत एकशेपाच. कागदापेक्षा माल जास्त! कमी असता तर लबाडी म्हणून समजून घेतलं असतं. लबाडी ओळखीची असते. फुकट जास्त देणारा माणूस म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं. कंटेनर अडवला. दुरुस्तीच्या पत्रावर भगवंतराव साहेबांची सही हवी होती आणि साहेब तेव्हा हॉलंडला फुलांचा अभ्यास करत होते. सही यायला तेवीस दिवस लागले. तोवर पेट्यांतून पाणी सुटलं होतं. मलबाऱ्यानं फोनवर हळहळ केली आणि दुसरीकडून माल उचलला.

इनायतुल्ला महिनाभर धड जेवला नाही. आपल्या हातानंच आपण गोवर्धनचं वाटोळं केलं, हे त्याला झोपू देईना.

मग अकोल्याहून शिष्टमंडळाच्या कचेरीचं पत्र आलं. इनायतुल्लाचा सत्कार! आलेल्या गाडीखर्चात तो गोवर्धनलाही घेऊन गेला; तोंड चुकवत किती दिवस राहणार? सभागृह भरलेलं. भगवंतराव साहेबांनी अहवाल वाचला : “आपल्या शिष्टमंडळामुळे ठरलेल्या उद्दिष्टापेक्षा पाच टक्के जास्त फळं अमरावतीहून रवाना झाली!” वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. रवाना झालीच होती. त्यांनी इनायतुल्लाच्या खांद्यावर शाल टाकली आणि म्हणाले, “इनायतुल्लाजी, दोन शब्द बोला.”

इनायतुल्ला माईकजवळ गेला.

“साहेब, माल पोचलाच नाई. सडला तिथंच. चूक माईच हाय, पाच जास्त भरले म्या. पण तुमचे दहा हजार टन कुठं हायेत, हे कोनी इचारत नाई. मले पाच फळांचं काहून इचारलं?”

मग साहेब मोठ्यानं हसले, “काय हा साधेपणा!” म्हणत टाळ्या वाजवू लागले, आणि सगळं सभागृह वाजवू लागलं.

तिसऱ्या रांगेत गोवर्धन तेवढा तळहात उताणे ठेवून बसून होता. चार दिवस कुऱ्हाड चालवून त्याच्या हातांना फोड आले होते.