लंबकाचं उत्तर

निवृत्तीच्या दिवशी प्रयोगशाळेचं सामान नव्या बाईंच्या ताब्यात देताना सरांच्या हाती जुनी मीटरपट्टी आली आणि ते चरकले. तिचं शून्याकडचं तुटकं टोक एकदा त्यांनीच करवतीने सरळ कापलं होतं. त्यात पाच सेंटिमीटर गेले, हे मेलं डोक्यातच आलं नव्हतं! टोकापासून मोजणाऱ्याचं उत्तर चुकणारच.

पण लंबकाच्या प्रयोगात अख्खा वर्ग गुरुत्वाकर्षणाचं पुस्तकातलं ९.८ आधी लिहायचा आणि मोजमापं मागाहून जुळवायचा. एका वर्षी फक्त शिंप्याच्या मुलीने १०.३ लिहिलं. सरांनी तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं.

"मोजलं तेच लिहिलं, सर," ती रडत म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी तिनेही ९.८ लिहून आणलं. त्याखाली सरांनी लाल शाईने 'शाब्बास' लिहिलं होतं.