नॉर्वेजियनमधला उखाणा

हळदीकुंकवाचं आमंत्रण आलं की अजूनही मला शिसारी येते. तो उखाण्याचा आग्रह, ते पदर तोंडाला लावून खिदळणं, शी! लग्नाआधी असं नव्हतं. हे सगळं सुरू झालं कडावला, माझ्या सासरी, मी नॉर्वेजियन शिकत होते तेव्हा.

नवरा आधी कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यात वेल्डर होता. तिथून नॉर्वेच्या गोदीत गेला. जाताना म्हणाला, "तू भाषेचं बघ, मी कागदांचं बघतो. लवकरच तुला नेतो." मी लागले कामाला. मोबाईलवर धडा लावायचा आणि तांदूळ निवडता निवडता घोकायचा. व्याकरण म्हणाल तर सोपं. मी, तू, तो, कुणीही असो, क्रियापद हलत नाही. यै एर, दू एर, हान एर, सगळ्यांना 'आहे' एकच. आपल्यासारखी तीन लिंगं, आणि कुठल्या वस्तूला कुठलं ते आपल्यासारखंच देवाला माहीत. हूस म्हणजे घर, आणि हूसे म्हणजे ते ठरावीक घर. इक्के म्हणजे नाही, तो क्रियापदानंतर लावायचा. सासऱ्यालासुद्धा 'तू'च म्हणायचं, हे मात्र मी घरात कुणाला सांगितलं नाही.

सुरुवातीला नवऱ्याचा रोज फोन यायचा. माझे उच्चार ऐकून हसायचा. मग फोन फक्त सणासुदीला यायला लागला. मी केला तर "कामात हाय गं" म्हणून ठेवून द्यायचा. कागदांचा विषय काढला की रेंज जायची. पुढे तर उचलेनासाच झाला. आणि मी? मी वेड्यासारखी धडे रेटत होते. उद्या न्यायला आला आणि मला भाषा येत नसली तर काय, ही भीती.

गावात तर कौतुकाला नुसता ऊत आला होता. डेअरीवर दूध घालायला गेलं की, "कदी उडतेस गं इमानात?" पिठाच्या गिरणीत, "बोलून दाखव ना गं कायतरी." एक बाई तर पोर रडायला लागलं की त्याला घेऊन माझ्याकडे यायची. म्हणे, नॉर्वेचं बोल, हसतो तो. मी काय खुळखुळा होते?

संक्रांतीला सासूने हळदीकुंकू केलं. खोलीत बायकाच बायका, अत्तर आणि घाम एकत्र झालेला, वाण म्हणून प्लास्टिकच्या गाळण्या. एकेकीचे उखाणे झाले. माझी पाळी आली तशी एक काकू ओरडल्या, "हिचा मराठीत नको! नॉर्वेचा घेऊ दे!"

"काकू, तिकडे उखाणा नसतो."

"नसतो कसा? नवरा हाय ना तिकडं?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. काकूंनी माझी हनुवटी धरली. बोटांना तिळगुळाचा पाक लागलेला, तो माझ्या गालाला चिकटला. मी पदराने गाल पुसला. सासू कोपऱ्यातून डोळ्यांनी खुणावत होती, घे आणि उरक.

मी उभी राहिले. "मानन मिन रिंगर इक्के," मी म्हणाले. "यै वेंतर इक्के लेंगर."

माझा नवरा फोन करत नाही. मी आता वाट बघत नाही.

टाळ्या! "अगं बाई, काय ग्वाड वाटतंय ऐकायला!" "पुना म्हन गं, पुना म्हन!" मी पुन्हा म्हटलं, चांगलं जोरात. एकीने मोबाईलवर घेतलं. "पन त्यात नाव कुठं आलं?" कुणीतरी विचारलं. "लाजली असंल," काकू म्हणाल्या. त्या गोड गोड चेहऱ्यांकडे बघताना वाटलं, इथेच ओकून टाकावं.

बायका गेल्यावर सासू कपबशा गोळा करत होती.

"काय बोललीस गं त्यांच्याम्होरं?"

मी सांगितलं. शब्दाला शब्द. वाटलं, आता ही चिडणार, नाहीतर रडणार. तिने कपातला उरलेला चहा मोरीत ओतला आणि कप विसळायला घेतला.

"म्हाईत हाय माला," ती म्हणाली. "माजा बी फोन नाय उचलत तो. तू बोलत जा असंच, त्या भाषेत. मराठीत नको बोलू कुनाजवळ."