अक्काने माझा रिपोर्ट विचारला तेव्हा

"कॅन्सरच आहे. काखेतल्या गाठींपर्यंत गेलाय," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी अक्काला विचारलं, "छातीतली गाठ हाताला कधी लागली होती?"

अक्का माझी मोठी बहीण. बेळगावहून लग्न होऊन बंगळूरच्या चामराजपेटला आली आणि तिथल्या मोठ्या घराला तिने कायम धाकात ठेवलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "संक्रांतीच्या सुमारास."

बाहेर गणपतीचे मांडव उतरत होते. म्हणजे आठ महिने झाले होते.

मीही बंगळूरचीच. इथल्या जे. पी. नगरमधल्या आम्हा मराठी बायकांत हळदीकुंकवाला वेगळं वाण द्यायची चढाओढ असते. त्या संक्रांतीला एका मैत्रिणीने कमालच केली. तिचा जावई जनुकांची तपासणी घरपोच विकणाऱ्या कंपनीत आहे. तिने प्रत्येकीला तिळगुळासोबत एकेक किट दिलं. नळीत थुंकायचं, कुरिअरने पाठवायचं, रिपोर्ट मोबाइलवर. डॉक्टर नको, सुई नको. आम्ही हसून हसून बेजार झालो.

रिपोर्ट आले आणि दहावीच्या निकालासारखी तुलना सुरू झाली. माझ्या रिपोर्टात स्तनाच्या कॅन्सरपुढे हिरवा गोल होता. तो मी घरच्या ग्रुपवर मिरवायला टाकला.

दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन. "काय ग, ते छातीच्या कॅन्सरचं हिरवं म्हणजे चांगलंच की?"

"चांगलंच," मी म्हटलं.

"सरी, बरं झालं. एका आईच्या पोटच्या आपण. तुझं चांगलं म्हणजे माझंही बघितल्यासारखंच."

मी हसले. "फुकटात झालं बघ तुझं काम!" मला वाटलं, ती थट्टा करतेय. पण तेव्हा तिचा हात त्या गाठीवर असणार. डॉक्टरकडे न जाण्यासाठी तिला एक निमित्त हवं होतं आणि ते मी तिला हसत हसत दिलं.

डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला तो बायॉप्सीवरून, म्हणजे गाठीत सुई घालून काढलेला तुकडा तपासून. नंतर पेट स्कॅन झाला, म्हणजे आजार शरीरात कुठे कुठे पसरलाय ते पाहिलं. मग किमो, मग ऑपरेशन. किमोच्या खोलीबाहेरच्या खुर्च्यांवर बसून मी स्वतःला काय काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही.

हॉस्पिटलात जेनेटिक कौन्सेलर असतात. जनुकांच्या तपासणीचा अर्थ त्या समजावून सांगतात. मी त्यांना हिरवा गोल दाखवला. त्या शांतपणे म्हणाल्या, "या किटमध्ये मोजकेच बदल बघतात. ते तुमच्यात सापडले नाहीत, एवढाच याचा अर्थ. बहिणींची जनुकं सगळी सारखी नसतात. आणि बहुतेकींचा हा कॅन्सर आनुवंशिक नसतोच. गाठ लागली, तर आधी गाठ तपासायची."

इतकं साधं होतं ते. पण आम्हा शिकल्यासवरल्या बायकांपैकी एकीनेही विचारलं नव्हतं.

अक्का आज आहे, हे डॉक्टरांचे आणि तिथल्या सिस्टरांचे उपकार. पण काखेतल्या गाठी काढल्यापासून तिचा डावा हात सुजतो आणि दर तपासणीआधी ती धास्तीने जेवत नाही. लवकर गेलो असतो तर बरंच टळलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मला ती एकदाही बोलली नाही. "तू काय करणार होतीस ग," एवढंच म्हणते. तेच जास्त लागतं.

यंदाच्या हळदीकुंकवाला मी तिळगुळच दिला. सगळ्या निघाल्यावर शेजारची सून दाराशी घुटमळली. "काकू, तुमचा तो रिपोर्ट... छातीचा... नीट आला होता ना? माझाही तसाच आलाय."

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. मी करंडा खाली ठेवला.

"का विचारतेस ग?"

तिचा हात पदराआड छातीशी गेला. तिचे डोळे भरून आले. मी दार लावून घेतलं आणि तिला आत बसवलं.